डाव्या बाजूची ऊब

शिवणबाई निघाली होती गिऱ्हाइकाचे दोन झगे पोचवायला. वाटेत एसीच्या मिस्त्रीचं दुकान लागलं, तशी दारात थांबली.

"गाडीचा एसी बिघडलाय," ती म्हणाली. "एक बाजू गार, एक बाजू गरम."

मिस्त्री एका पाइपात फुंकर मारून बघत होता. "म्हणजे संसारच की, ताई. आमच्या घरीही तसंच आहे. त्याला अजून कुणाला दुरुस्ती सापडलेली नाही."

ती हसली नाही. मिस्त्रीने पाइप खाली ठेवला. "बरं, घेऊन या गाडी."

"गाडी यायची नाही. आमचे हे तिच्यातून उतरत नाहीत. तुम्हीच या."

ती गाडी तशी त्या घराच्या ऐपतीची नव्हतीच. शिवणबाईचा नवरा ड्रायव्हर. उभा जन्म एकाच मालकाची गाडी चालवली. मालक देश सोडून कायमचे निघाले तेव्हा किल्ली त्याच्या हातावर ठेवून म्हणाले, आता तुझी. लांबलचक, काळी, जुन्या थाटाची गाडी. आतलं कातडं टाचेला पडतात तशा भेगांनी भरलेलं, पण दार लावलं की आवाज अजून तिजोरीचा. गल्लीतले लोक म्हणायचे, यांच्या घरापेक्षा यांची गाडी मोठी. ते खोटं नव्हतं. घरात पाहुणा आला तर बोलायला गाडीत बसायचे.

त्या गाडीत दोन गोल बटणं होती, उजवीकडच्याला एक आणि डावीकडच्याला एक. ज्याला जशी हवी तशी हवा. ड्रायव्हरला घाम फार. हिवाळ्यातही कपाळ पुसत असायचा, अंगावर शाल म्हणून कधी घेतली नाही. आणि लेक अगदी उलटी. नुसता पंखा लागला तरी दातावर दात. बाप तिला थंडूबाई म्हणायचा. तो स्वतःकडचं बटण गारावर ठेवायचा, तिच्याकडचं उबेवर. मागे बसलेली शिवणबाई गंमत म्हणून दोघांच्या मधून हात पुढे करायची. एका बाजूला हिवाळा, एका बाजूला उन्हाळा, आणि मधे ती.

मग लेकीला आजार लागला. रक्तातला. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या त्या याच गाडीतून. कमरेखाली रुळणारे केस होते पोरीचे. शिवणबाई तेल लावून वेणी घालायची तेव्हा शेजारणी दारात येऊन बघत बसायच्या. औषधांनी ते केस पुंजक्यापुंजक्याने गेले. शेवटी डोकं पार मोकळं झालं, तेव्हा आईने मऊ कापडाची टोपी शिवली, शिवण बाहेरच्या अंगाला ठेवून, म्हणजे आत टोचायला नको. टोपी घालताना पोर आरशात बघेना. आईने शब्द दिला, "येतील गं परत. मीच घालेन वेणी. आणि कमरेपर्यंत आली ना वेणी, की आपण तिघं याच गाडीने समुद्र बघायला जाऊ. लांबचा रस्ता घेऊ."

"नक्की?" पोरीने विचारलं.

"नक्की म्हणजे नक्की."

शेवटच्या खेपेला पोर डावीकडे बसली होती, शालीत गुंडाळलेली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "बाबा, गार वाटतंय... जरा वाढवा ना."

बटण आधीच टोकाला होतं. वाढवायला काही उरलंच नव्हतं. तरी ड्रायव्हरने बटणावर हात ठेवला, उगाच बोटं फिरवली आणि म्हणाला, "वाढवलं हं, बाळा." मागून शिवणबाईचा हात त्या टोपीवर होता. दवाखान्याचं दार यायच्या आधीच तिच्या हाताला कळलं होतं. तिने ते सांगितलं नाही. समोर रस्ता होता आणि चाक त्याच्या हातात होतं.

त्यानंतर डावी बाजू गार होईना.

बटण कुठेही फिरवा, डाव्या जाळीतून गरम वारा. ड्रायव्हरला तो बिघाड वाटेना. जेवण झालं की ऐन दुपारी गाडीत जाऊन बसायचा, काचा वर, इंजिन चालू. उन्हाळा चढला होता. पत्र्याला हात लावला तर फोड यावा, आणि आत हा डाव्या जाळीच्या उबेला सोबत करत बसलेला. उजव्या बाजूचा गारवाही त्याने बंद करून टाकला होता. एकदा शिवणबाई पाणी घेऊन गेली तर मान कलती, डोळे पांढरे. शेजाऱ्यांना हाका मारून त्याला बाहेर ओढला. डॉक्टर म्हणाले, यावेळी वाचले. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही.

म्हणून ती मिस्त्रीच्या दारात गेली होती. एक गेली, दुसरा जाऊ द्यायचा नव्हता.

मिस्त्री दुपारी आला. त्याची एक पद्धत होती. तो आल्या आल्या बॉनेट उघडायचा नाही. म्हणायचा, रोजची माणसं रोजच्या जागी बसू द्या आणि एक चक्कर मारू द्या. मालक खोटं सांगेल, गाडी सांगत नाही. तसा ड्रायव्हर चाकावर बसला, शिवणबाई मागे डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागेवर. मिस्त्रीने पुढचं डावं दार उघडलं.

"तिथे नको," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"अहो काका, जाळीला हात लावून बघायला लागेल ना."

"मागून बघा."

मिस्त्रीने शिवणबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याने ते दार लावलं, पण तिजोरीसारखं नाही. आत कुणी झोपलंय आणि उठवायचं नाही, तसं लावलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तो मागे शिवणबाईशेजारी बसला आणि गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. मिस्त्रीने दोन्ही बटणं गारावर ठेवायला लावली. उजवीकडून बर्फाच्या पेटीसारखा वारा आला. डावीकडून आला तो उकळी फुटल्यासारखा. आणि त्या वाऱ्याला वास होता, कापूर घातलेल्या मलमाचा. मिस्त्रीने हवा हुंगली. "मलम सांडलंय का इथे कुठे?"

शिवणबाईने पदर तोंडाशी धरला. ते मलम ती लेकीच्या तळपायांना चोळायची. डबी कधीच संपली होती.

परत आल्यावर मिस्त्रीने कामाला हात घातला. डावं बटण या टोकाकडून त्या टोकाला फिरवलं आणि डॅशबोर्डला कान लावला. आतून आवाज आला, टक... टक... टक... 

"ही झडप. गार आणि गरम वाऱ्याच्या मधे असते. हलतेय, मोटर शाबूत आहे." मग बॉनेट उघडून त्याने इंजिनकडून आत जाणारा गरम पाण्याचा पाइप पकडीने आवळला. "त्या पाण्यावरच आतली हवा तापते. आता पाणीच बंद केलं. चूल विझवल्यावर भांडं तापेल कसं?" थोडा वेळ जाऊ दिला. पाइपला हात लावला, गार पडला होता. आत वाकून डाव्या जाळीसमोर तळवा धरला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "पाइप गार आहे. मग हे येतंय कुठून?"

चाकावर बसलेल्या ड्रायव्हरने डोळे न उघडताच उत्तर दिलं. "तिला गार वाटतंय."

मिस्त्रीने कपाळाचा घाम पुसला आणि डॅशबोर्डवरच्या एका छोट्या जाळीकडे वळला, मिठाच्या डबीच्या झाकणाएवढ्या. "हे गाडीचं नाक. आत इवलासा पंखा असतो, तो गाडीतली हवा ओढतो, आणि आत ऊन आहे की थंडी ते गाडीला त्यावरनं कळतं. हे तुंबलं की गाडी भ्रमिष्टासारखी करते. पण नाक दोघांना मिळून एकच. बिघाड व्हायचा तर दोन्हीकडे व्हायला हवा." असं पुटपुटत त्याने चिमट्याने जाळी काढली.

आत केस होते. काळेभोर, बारीक, बोटाच्या पेराएवढेही नाहीत. तान्ह्या बाळाचं जावळ असतं तसे मऊ. पंख्याभोवती गुंडाळले होते.

"जुन्या मालकांकडे कुत्रं वगैरे होतं का?" मिस्त्री म्हणाला.

शिवणबाईने ते तळव्यावर घेतले. जन्मभर तिच्या बोटांखालून कापडं गेली होती. डोळे मिटून ती सूत आणि रेशीम सांगायची. तिचे स्वतःचे केस पांढरे, नवऱ्याच्या डोक्यावर बोटभर कडा उरलेली. तिने मूठ मिटली. "असेल," म्हणाली.

पंखा स्वच्छ केला, जाळी बसवली, आणि डावी बाजू गार झाली. आज्ञाधारक पोरासारखी. मिस्त्री म्हणाला, "कशी झाली विचारू नका. झाली यात समाधान माना."

ड्रायव्हरने डाव्या जाळीपुढे हात धरला, काढला, पुन्हा धरला. मग गाडी बंद करून घरात आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. "गेली," एवढंच म्हणाला. "अगं, त्या दिवशी गेली नव्हती. आज गेली."

शिवणबाईला वाटलं होतं, नवरा वाचला. पण तो आता गाडीत बसत नव्हता तसा जेवतही नव्हता. घास तोंडाशी नेला की हात थांबायचा. रात्री ती जागी असायची आणि तो जागा आहे हे तिला कळायचं, आणि त्याला तिचं. दोघं तसेच पडून राहायचे, मधे हातभर अंतर ठेवून. 

आणि एका दुपारी बघते तर अंथरूण रिकामं. गाडीच्या काचा वर. तो आत बसला होता आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसासारखा दिसत होता. काच खाली करून म्हणाला, "आली गं. हात लावून बघ." कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, ओठ सुकले होते.

मिस्त्री यायला कां कूं करत होता. ती त्याच्या दुकानापुढे उभीच राहिली तेव्हा आला. गुपचूप जाळी उघडली. चिमट्याने ओढलं ते येतच राहिलं. केस आता बोटाएवढे लांब होते.

मिस्त्रीने ते उजेडात धरले.

"ताई, मी स्वच्छ केलं होतं. तुमच्यासमोर."

"हो."

"तुमची मुलगी... तिचे केस..."

"एकही नव्हता शेवटी," शिवणबाई म्हणाली.

मिस्त्रीने केस खाली ठेवले नाहीत, फेकलेही नाहीत. तिच्या हातात दिले, ज्याचं त्याला परत द्यावं तसे. "वायर कापून टाकू का त्या मोटरची? सांगा, कापतो."

तिला हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "वायर नको. बॅटरी काढा." गाडी चालूच झाली नाही तर उष्णता येणार कुठून, आणि तो बसेल कशाला. मिस्त्रीने बॅटरी उचलून घरात आणली, शिवणयंत्राखाली ठेवली आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "ताई, यापुढे मला बोलावू नका. राग मानू नका." तिने मानला नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ड्रायव्हर घरात नव्हता.

तो गाडीतच होता, मान कलती. श्वास चालू होता, पण उथळ, दमलेल्या पाखरासारखा. शिवणबाईने त्याच्याकडचं दार उघडलं, आणि आतून मलमाच्या वासाचा गरम लोट तिच्या तोंडावर आला. इंजिन बंद. बॅटरी घरात, यंत्राखाली. डॅशबोर्डच्या आत मात्र हळूहळू... टक... टक... 

तिला भीती वाटली नाही असं नाही. पण नवऱ्याचा हात डाव्या जाळीपुढे पसरलेला तिने पाहिला, आणि भीती मागे राहिली. ती मागचं दार उघडून आपल्या जागेवर बसली. त्या दिवशी ठेवला होता तसाच हात पुढच्या सीटच्या डोक्यापाशी नेला. डोळे मिटले.

हाताला केस लागले. मऊ, कोमट, मानेपर्यंत आलेले.

"बाळा," ती म्हणाली, "बाबांना सोड गं. त्यांना झेपत नाही. मी बसते तुझ्याजवळ रोज. वेणी मी घालणार होते ना... मीच घालेन. त्यांना सोड."

टक... टक... आणि आवाज थांबला. गरम वारा मंद झाला, चुलीतले निखारे राखेखाली जावेत तसा. ड्रायव्हर खोकला, डोळे चोळत म्हणाला, "अगं, मी इथे कधी आलो?"

त्या दिवसापासून तो सुधारला. जेवू लागला. गाडीकडे बघायचा, पण जाऊन बसायचा नाही. कोपऱ्यावर चहाला जायला लागला, तिथल्या लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. एकदा तर बायकोला म्हणाला, "तुझ्या हातच्या जेवणाने मेलो नाही, तर उन्हाने काय मरणार होतो." ती हसली, आणि आत जाऊन रडली.

ती मात्र रोज संध्याकाळी तेलाची वाटी आणि फणी घेऊन गाडीत जायची. मागच्या सीटवर बसायची, डोळे मिटायची. उघडले तर पुढची सीट रिकामी. मिटले तर हातात केस. गुंता सोडवायचा, भांग पाडायचा, तीन पेड घालायचे. मधेच विचारायची, "ओढतंय का गं?" उत्तर यायचं नाही, पण ऊब यायची. घरी येऊन बघायची तर फणीत लांब काळे केस. उन्हाळा सरत आला तशी वेणी खांद्यावरून पाठीवर आली. शिवणबाईला इतकं सुख झालं होतं की तिने कशाचा हिशेब केला नाही. पोर गेली होती आणि पोर होती. आणि नवरा बाहेर चहा पीत होता. आणखी काय मागायचं असतं माणसाने.

मग एका सकाळी ड्रायव्हर गाडी धुताना दिसला. बादली, फडकं, पुढची काच पुसून लख्ख. शीळ घालत होता.

"हे काय आज?" तिने विचारलं.

"बॅटरी बसवून घेऊ. चाकांत हवा भरून आणतो. लांबचा रस्ता आहे, ऐनवेळी धावपळ नको."

"कुठला रस्ता?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचीच गंमत वाटावी. "अगं, तूच तर शब्द दिला होतास. वेणी कमरेपर्यंत आली की तिघांनी समुद्रावर जायचं. आता राहिलंय किती?"

वेणीचं तिने त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती गाडीत गेली ती गळ्यात माप घ्यायची टेप घालून. डोळे मिटून वेणीवरून टेप लावली, मानेपासून खाली. कमर कुठे येते हे तिच्या बोटांना पाठ होतं. जन्मापासूनचे कपडे तिनेच शिवले होते. चार बोटं उरली होती. फक्त चार बोटं.

त्या लांबच्या रस्त्यावरून नवरा परत येणार नाही, हे तिला कळलं. तिने कमरेला खोचलेली कात्री काढली. दोघांपैकी एकाला ठेवायचं असतं तर तिने विचार केला असता; तिला दोघं हवी होती. "बाळा, थोडेच गं," ती म्हणाली. "टोकं फुटलीत. टोकं कापली की केस चांगले वाढतात." लहानपणी असंच सांगून कापायची. कात्रीच्या पात्यांत केस करकरले. सीटच्या मागे मऊ काहीतरी पडलं. वारा एकदम थांबला, जसं एखादं पोर रुसून गप्प होतं.

आणि मग तिचं रोजचं तेच झालं. वेणी घालायची, मापायची, जेवढी वाढली तेवढी कापायची. जी वेणी वाढावी म्हणून शब्द दिला, तीच आपल्या हाताने कापायची. कापलेले केस फेकवेनात. जुन्या पिशवीत भरून कपाटात ठेवायची. प्रत्येक वेळी म्हणायची, थोडेच गं. पोरीने कधी हात झिडकारला नाही. तेच सोसवत नव्हतं.

पण केसांनी आता जोर धरला होता. जेवढे कापावेत त्याच्या वर एक बोट दुसऱ्या दिवशी आलेलं असायचं.

कालच्या संध्याकाळचं. हवेत पान हलत नव्हतं, भिंतींतून उष्णता निघत होती. शिवणबाईने टेप लावली तर वेणी कमरेला टेकली होती. तिने कात्री उघडली. तोच डॅशबोर्डच्या आत आवाज झाला, टक... टक... टक... नेहमीच्या जागी नाही. उजवीकडे. ड्रायव्हरच्या बाजूची झडप, जी जन्मात गाराकडून हलली नव्हती, ती हलत होती. उजव्या जाळीतून ऊब यायला लागली. रिकाम्या चाकावर, रिकाम्या सीटवर.

ती कात्रीसकट धावत घरात आली.

ड्रायव्हर उंबऱ्याजवळ बसला होता. अंगावर पोरीची शाल, गळ्यापर्यंत ओढलेली. शिवणबाईने त्याच्या कपाळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा ते कोरडं होतं.

त्याने वर पाहिलं आणि लहान पोरासारखा ओशाळून हसला.

"गार वाटतंय गं," तो म्हणाला. "जरा वाढव ना..."